साठ हजार डॉलरची गोष्ट

आमच्या नंदनवनात कोणाचा पोट्टा अमेरिकेला गेला की दोन प्रश्न ठरलेले असतात. "कोणत्या कंपनीत?" आणि "पॅकेज किती?" तो पगार कोणी ठरवला, कोणत्या नियमाने ठरवला, हे काही कोणी विचारत नाही. काकू लोकांचं जाऊ द्या, आपण इंजिनियर लोकसुद्धा विचारत नाही. के.डी.के. कॉलेजच्या आसपास तर्री-पोह्याच्या टपरीवर एच-वन-बीची चर्चा तासन्‌तास चालते, पण ती लॉटरी लागली का, स्टँपिंग झालं का, याच्या पुढे सरकत नाही.

गेले काही वीकेंड मी या नियमांचा इतिहास वाचून राहिलो आहे. कायदा वाचणं म्हणजे एकही कॉमेंट नसलेला, पंधरा जणांनी पॅच मारलेला जुना कोड वाचण्यासारखं आहे. तर त्या कोडमध्ये मला एक हार्डकोड केलेला आकडा सापडला. ६०,००० डॉलर. १९९८ साली तो कायद्यात टाइप झाला आणि नंतर त्याला कोणी हात लावला नाही. आजचा लेख त्या आकड्याबद्दल आहे, आणि ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही अशा दुसऱ्या एका कलमाबद्दल.

आधी थोडा पूर्वेतिहास. अमेरिकेत १९५२ च्या कायद्याने एच-वन नावाचा व्हिसा सुरू झाला. विशेष गुणवत्तेच्या माणसाला तात्पुरतं काम करायला बोलवायचं, अशी मूळ कल्पना. त्यात किती लोक यावेत याची मर्यादा नव्हती आणि पगाराची विशेष अट नव्हती. मग १९९० मध्ये नवा कायदा आला, थोरल्या बुश साहेबांनी त्यावर सही केली, आणि आपण ज्याला एच-वन-बी म्हणतो तो खऱ्या अर्थाने तयार झाला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा आली. त्याबरोबर पगाराचा नियमही आला.

हा नियम कागदावर चांगलाच आहे. कंपनीने दोन पगार बघायचे. एक, तिच्याकडे तेच काम करणाऱ्या, तशाच अनुभवाच्या इतर लोकांना ती काय देते. दोन, त्या भागात त्या कामाचा चालू दर काय आहे. या दोनपैकी जो जास्त असेल तो द्यायचा. तसं लेबर कंडिशन ॲप्लिकेशन नावाच्या अर्जात लिहून द्यायचं.

आता यातली गंमत बघा. हा अर्ज मजूर खात्याने सात दिवसांत निकाली काढायचा, आणि तपासायचं काय, तर अर्ज पूर्ण भरलाय का आणि त्यात उघड चूक आहे का, एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्म व्हॅलिडेशन. रिकामी फील्ड असेल तर लाल अक्षरात एरर येईल, पण भरलेली माहिती खरी आहे का हे सर्व्हर विचारणार नाही. तक्रार झाली तर पुढे चौकशी. आणि तक्रार करणार कोण? ज्याचा व्हिसा त्याच कंपनीच्या हातात आहे तो.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एच-वन-बीचा अर्ज माणूस स्वतः करू शकत नाही. अर्ज कंपनी करते. म्हणजे माणसाचं त्या देशात राहणं हे एका मालकाच्या कागदावर अवलंबून असतं.

* * *

नव्वदचं दशक म्हणजे आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे सोन्याचे दिवस. मुंबईत टीसीएस १९६८ पासून होतीच. नरेंद्र पटणी यांची पटणी कॉम्प्युटर्स होती. याच पटणीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली, हे तर आपल्या इंडस्ट्रीचं पुराणच झालं. वायटूकेची धामधूम सुरू झाली आणि अमेरिकेला माणसं हवी होती, खूप माणसं. "ऑनसाइट" हा शब्द मराठी घरांमध्ये तेव्हाच शिरला.

१९९८ मध्ये अमेरिकन संसदेने मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली. पण तिथल्या लोकांची ओरड होती की या कंपन्या आमच्या माणसांना काढून स्वस्तातले आणतात. म्हणून त्याच कायद्यात एक नवी कॅटेगरी काढली: एच-वन-बीवर अवलंबून असलेली कंपनी. मोठ्या कंपनीत १५ टक्के किंवा जास्त लोक एच-वन-बीचे असतील तर ती या कॅटेगरीत. तिने जास्तीच्या दोन हमी द्यायच्या. आम्ही अमेरिकन माणसाला काढून त्याच्या जागी हा आणलेला नाही, आणि आधी अमेरिकन माणूस शोधायचा मनापासून प्रयत्न केला.

आणि मग पळवाट. ज्या माणसाला वर्षाला किमान ६०,००० डॉलर मिळतात किंवा ज्याच्याकडे मास्टर्स डिग्री आहे, त्याच्यासाठी या हमी लागू नाहीत.

त्या वेळी यामागचा विचार अगदीच वेडा नव्हता. १९९८ मध्ये ६०,००० हा बरा पगार होता. एवढा पैसा देतायत म्हणजे स्वस्तातला मजूर आणत नसणार, असा हिशेब. पण त्यांनी तो आकडा महागाईला जोडला नाही. आपण कोड रिव्ह्यूमध्ये ज्युनियरला सांगतो ना, बाबा रे, कॉन्स्टंट असा थेट लिहू नको, कॉन्फिगमध्ये टाक... ते इथे कोणी सांगितलं नाही. १९९८ च्या ६०,००० ला आजच्या पैशात जवळपास दुप्पट किंमत आहे. म्हणजे आकडा तोच राहिला आणि अट दरवर्षी थोडी थोडी सोपी होत गेली.

आता कंपनीच्या खुर्चीत बसून विचार करा. ५८,००० दिले तर हमी द्या, कागद ठेवा, चौकशीला तयार राहा. ६०,००० च्या जरा वर दिले तर काहीच नाही. मग ७५,००० का द्यायचे? ज्याला तळ म्हणून आखलं होतं ते छत होऊन बसलं. साठ हजारांच्या किंचित वरचा पगार हा आउटसोर्सिंगच्या धंद्याचा दरच झालाय, ही टीका अमेरिकेत वर्षानुवर्षं झाली. २०१७ च्या जानेवारीत हा आकडा १,३०,००० वर न्यायचं विधेयक मांडलं गेलं, तेव्हा आपल्या आयटी कंपन्यांचे शेअर धडाधड पडले होते. ते विधेयक काही पास झालं नाही. शेअर सावरले आणि आकडा होता तिथेच राहिला.

* * *

डिसेंबर २००४ मध्ये आणखी एक पॅच आला. चालू दराच्या आता चार पातळ्या असतील असं ठरलं. मजूर खात्याकडे आधी दोनच पातळ्या होत्या. मधल्या दोन कशा काढायच्या? कायद्यात चक्क सूत्रच लिहिलं: वरच्या आणि खालच्या पगारातला फरक घ्या, त्याला तीनने भागा, आलेला आकडा खालच्यात मिळवा आणि वरच्यातून वजा करा. म्हणजे खालचा ६० हजार आणि वरचा ९० हजार असेल तर मधले ७० आणि ८०. झालं! बाजारात खरंच त्या अनुभवाच्या माणसाला काय मिळतं याच्याशी मधल्या दोन आकड्यांचा संबंध असलाच तर योगायोगाने.

या चार पातळ्यांपैकी पहिली साधारण १७ व्या पर्सेंटाइलला बसते. सोप्या भाषेत, त्या भागात ते काम करणाऱ्या १०० लोकांपैकी ८३ जणांचा पगार तुमच्यापेक्षा जास्त. चौथी पातळी ६७ व्या पर्सेंटाइलच्या आसपास. माणूस कोणत्या पातळीत बसवायचा हे अर्जात भरते कंपनी. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प सरकारने पहिली पातळी एका रात्रीत ४५ व्या पर्सेंटाइलला नेली होती. लोकांना म्हणणं मांडायची संधी न देता नियम आणला म्हणून डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो उडवला.

बरं, हे किमान दर तरी पाळले जात होते का? इथे आपल्या महाराष्ट्रातल्या दोन कंपन्यांची नावं येतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या मजूर खात्याच्या चौकशीनंतर पटणीने ६०७ एच-वन-बी कर्मचाऱ्यांना २४ लाख डॉलरपेक्षा जास्त थकीत पगार द्यायचं मान्य केलं. माणशी सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास. टीसीएसवर २००६ मध्ये कॅलिफोर्नियात खटला झाला. तक्रार अशी होती की भारतातून गेलेल्या कर्मचाऱ्यांकडून त्यांचे टॅक्स रिफंडचे चेक कंपनीला लिहून घेतले जात. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०१३ मध्ये २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी इन्फोसिसने ३ कोटी ४० लाख डॉलर भरले. तिथला आरोप वेगळा होता: जिथे कामाचा व्हिसा हवा तिथे बिझनेस व्हिजिटचा व्हिसा वापरला. बिझनेस व्हिसावर चालू दराची अटच नसते. कंपनीने व्हिसा फसवणुकीचा आरोप नाकारला.

मी या कंपन्यांना खलनायक ठरवायला बसलेलो नाही. त्यांच्यामुळे हजारो मराठी घरांत पहिल्यांदा पैसा आला, हेही तितकंच खरं. मला वेगळाच प्रश्न पडला. पटणीतल्या त्या ६०७ जणांच्या हातात डिग्री होती, अनुभव होता, आणि बाजारात मागणी होती. पगार कमी मिळतोय म्हटल्यावर असा माणूस काय करतो? पुण्यात असता तर पेपर टाकले असते. हिंजवडीत एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जायला रस्ता ओलांडावा लागतो, बस. मग तिकडे का नाही?

* * *

कारण सोडणं सोपं नव्हतं. २००० पर्यंत नवी नोकरी धरायची तर नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबा, तोवर जुन्याच कंपनीत काम करा, असा प्रकार होता. ऑक्टोबर २००० च्या कायद्याने हे बदललं. नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की लगेच तिथे रुजू होता येईल. त्या कायद्याची आठवण लोकांना आहे ती मर्यादा १,९५,००० झाली म्हणून. पण माझ्या मते त्यातलं खरं मोलाचं कलम हे होतं. मर्यादा २००४ च्या कोट्यात पुन्हा ६५,००० वर आली, आणि नोकरी बदलण्याचा हक्क राहिला.

त्याच्याही आधी, १९९८ च्या कायद्यात अशीच एक कामाची गोष्ट होती. काम नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवायला बंदी. ज्यांनी डॉट कॉम बुडाल्यानंतरचे किस्से ऐकलेत त्यांना ही बंदी कागदावर किती आणि खरी किती पाळली गेली ते माहीत असेल.

मग गाठ सुटली का? अर्धीच. ग्रीन कार्डमध्ये कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, हा नियमही १९९० च्याच कायद्यातला. मंजूर होणाऱ्या एच-वन-बी अर्जांमध्ये दहातले सात भारतीयांचे, आणि ग्रीन कार्डच्या दारात ७ टक्के. त्यामुळे रांग काही दशकांची. रांगेतला माणूस नोकरी बदलू शकतो, पण नव्या कंपनीने बरीचशी कागदपत्रं परत करावी लागतात आणि चूक झाली तर सगळंच धोक्यात. मुलं तिकडच्या शाळेत, घराचे हप्ते चालू. असा माणूस पगारवाढीसाठी भांडताना दहादा विचार करतो. नोकरी गेली तर २०१७ पर्यंत एक दिवसाचीसुद्धा मुदत हक्काने मिळत नव्हती. त्या वर्षीच्या नियमाने ६० दिवस दिले.

म्हणजे किमान पगाराचा आकडा एकच असला तरी ज्याला सोडता येतं त्याच्यासाठी तो सुरुवातीची बोली असतो. ज्याला सोडता येत नाही त्याच्यासाठी तो शेवटचा पगार होतो.

* * *

इथे मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जातो, कारण हाच मुद्दा आपल्या रत्नागिरीच्या एका माणसाने फार आधी मांडला होता. गोपाळ कृष्ण गोखले.

आधीच सांगतो, एसीत बसून जावा लिहिणाऱ्याला गिरमिटिया म्हणणं हा त्या गिरमिटियांचा अपमान आहे. तुलना दुःखाची नाही, नियमाच्या रचनेची आहे. पाच वर्षांच्या करारावर लोक मॉरिशस, नाताळ, फिजीला जात. मॉरिशसला मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली, त्यांची वस्ती आजही तिथे आहे. पगाराचा नियम तिथेही होता बरं! नाताळमध्ये पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, दरवर्षी एक शिलिंग वाढ, पाचव्या वर्षी १४. एकदम व्यवस्थित ग्रेड सिस्टीम. पण मालक सोडून जाणं हा गुन्हा होता, त्याला तुरुंग होता. मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापत.

१८९५ मध्ये नाताळने आणखी डोकं चालवलं. करार संपल्यावर जो परत जाणार नाही आणि पुन्हा करारही करणार नाही, त्याने वर्षाला ३ पौंड कर भरायचा. ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग. पाचव्या वर्षाच्या पगाराने चार महिन्यांची कमाई. मोकळं राहायचं तर एवढं भर, नाहीतर पुन्हा सही कर. इन्सेंटिव्ह डिझाइन म्हणून बघितलं तर फार हुशार, आणि तितकंच क्रूर.

गोखल्यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात नाताळला मजूर पाठवणं थांबवायचा ठराव आणला, तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सगळी करारपद्धतच बंद करा असा ठराव आणला. त्यांचं म्हणणं पगार वाढवा असं नव्हतं. माणूस अनोळखी देशात जातो, वाट्याला येईल त्या मालकाकडे राबतो, तो मालक बदलू शकत नाही, आणि करार मोडला तर फौजदारी कायदा लागतो. त्यांचा आक्षेप या बांधिलकीवर होता. ठराव हरला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. ३ पौंडांचा कर १९१४ मध्ये रद्द झाला. करारावरची भरती थांबली १९१७ मध्ये, ते बघायला गोखले नव्हते.

* * *

आता आजचं. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांचं घोषणापत्र निघालं: अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-वन-बी अर्ज करायचा तर १ लाख डॉलर भरा. आणि डिसेंबर २०२५ मध्ये लॉटरीचा नवा नियम जाहीर झाला. चौथ्या पातळीच्या पगाराला लॉटरीत चार चिठ्ठ्या, तिसऱ्याला तीन, दुसऱ्याला दोन, पहिल्याला एक.

आपल्या ग्रुपमध्ये यावर खूप राडा झाला. कोणी म्हणे संपलं सगळं, कोणी म्हणे बरं झालं, जास्त पगारवाल्यांनाच मिळेल. वरचा इतिहास वाचल्यावर मला मात्र दोन गोष्टी दिसतात.

चिठ्ठ्या पातळीवर आहेत, डॉलरवर नाहीत. स्वस्त शहरात, कमी दराच्या पदनामावर चौथी पातळी गाठणं हे महागड्या शहरातल्या पहिल्या पातळीपेक्षाही स्वस्त पडू शकतं. पदनाम आणि पातळी भरणार कंपनीच. साठ हजारांच्या वेळी जे झालं तेच इथे व्हायला वाव आहे.

आणि १ लाखाची फी. ज्या कंपनीने एका माणसावर एवढे पैसे मोजले, ती त्याला सहजासहजी सोडेल का? कायद्याने सोडता येतं, पण करारात काय काय घालतील याचा अंदाज बांधा. शिवाय ही फी अमेरिकेत आधीच शिकत असलेल्या पोराचा व्हिसा बदलताना लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. म्हणजे ज्याच्या बापाकडे तिकडच्या मास्टर्सचे पैसे आहेत त्याचा रस्ता उघडा. नागपुरातून चार वर्षं अनुभव घेऊन थेट जाणाऱ्याला भिंत.

मला २०२२ मध्ये एका कन्सल्टन्सीने ऑफर दिली होती. पगाराच्या रकान्यात आकडा झकास होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन वर्षांच्या आत सोडलं तर अमुक लाख भरावे लागतील, आणि व्हिसाचा खर्चही पगारातून वळता होईल. बाबा म्हणाले, "पगार बघू नको, बाहेर यायचं दार बघ." त्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, त्यांना एच-वन-बी माहीत नाही. मी सही केली नाही.

तर ज्यांच्या हातात अशी ऑफर आहे त्यांना एवढंच सांगणं. लेबर कंडिशन ॲप्लिकेशनची प्रत मागा, रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती तुम्हाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात तुमची पातळी कोणती लिहिली आहे ते बघा, आणि तुमच्या खऱ्या कामाशी ताडून बघा. एच-वन-बीच्या सरकारी फीचा ट्रेनिंगवाला भाग कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. लवकर सोडल्याबद्दल सरळ सरळ दंड लावायलाही त्यांना १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. "नुकसानभरपाई" या नावाखाली तेच मागतायत का, ते वकिलाकडून तपासून घ्या. पॅकेजचा आकडा घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगायला ठीक आहे. पण सही करण्याआधी शेवटच्या पानावरचं ते सोडण्याचं कलम दोनदा वाचा.